वास म्हणायचं नाही

बारकीला संशोधनासाठी प्रवेश मिळाला, तेव्हा घरात झालेला आनंद दुपारच्या जेवणापर्यंत टिकला. बाबांनी सकाळीच चार ठिकाणी फोन केले. आई शेजारी जाऊन "आमची लेक आता डॉक्टर होणार, गोळ्या देणारी नव्हे, त्याच्याही वरची" असं सांगून आली. मग जेवताना आत्याने सहज विचारलं, "पण अभ्यास कशाचा करणार आहेस?"

"डासांचा," बारकी म्हणाली.

सगळ्यांचे हात ताटात थांबले.

"म्हणजे मारायचे ना?" आईने आशेने विचारलं.

"नाही गं. आधी पाळायचे."

आईने कपाळाला हात लावला. शेजारी सांगून आलेलं परत कसं घ्यायचं, हा प्रश्न तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. बाबा आयुष्यभर शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना प्रत्येक गोष्ट सोपी करून सांगायची सवय. ते म्हणाले, "डासात संशोधन करण्यासारखं काय आहे? येतो, चावतो, जातो."

"कोणाला चावतो ते विचार," आत्या म्हणाली.

"ताई, आता ते सुरू करू नकोस."

पण ते सुरू होऊन कित्येक वर्षं झाली होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, नोकरीभर पोस्टाच्या खिडकीमागे बसली, आणि याच घरात राहिली. तिचं म्हणणं एकच. या घरात चार माणसं राहतात, पण डास फक्त तिला चावतात. संध्याकाळी सगळे बाहेरच्या खोलीत बसले की आई भाजी निवडायची, बाबा पेपर वाचायचे, बारकी पुस्तक घेऊन पसरायची, आणि आत्या स्वतःलाच फटाफट मारत बसायची. तिने जागा बदलून पाहिली, खुर्ची बदलून पाहिली. लांब बाह्या घातल्या, तर डास कानाशी गेले. बाबांचं यावर ठरलेलं उत्तर होतं. "डास काय नाव विचारून चावतात? माणसं चार, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला पाव. तुला जास्त जाणवतं, एवढंच." आणि आई समजूत घालायची, "वन्सं, तुमचं रक्त गोड असेल." गोड असण्याचा आत्याला आजवर दुसरा काही फायदा झालेला नव्हता.

बारकीची प्रयोगशाळा विभागाच्या मागच्या अंगाला, जिन्याखालून जाणाऱ्या बोळाच्या टोकाशी होती. तिथे तिला पहिल्यांदा भेटला तो आजोबा. आजोबाचं वय तिशीच्या आसपास होतं, पण एकाच प्रबंधावर तो इतकी वर्षं बसला होता की त्याच्यानंतर आलेले दोघं पदवी घेऊन, नोकरीला लागून, पोरंबाळं होऊन मोकळे झाले होते. तेव्हापासून त्याला सगळे आजोबाच म्हणत, आणि तोही ओ देत असे.

त्याने तिला सगळं फिरवून दाखवलं. एक खोली कायम दमट आणि गरम ठेवलेली, आत गेलं की चष्म्यावर वाफ धरायची. फळीवर पांढऱ्या ट्रेमध्ये पाणी, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या, आणि अळ्यांना माशांच्या खाद्याची पूड. वरच्या फळीवर जाळीचे चौकोनी पिंजरे, त्यात डास.

"हे इथेच जन्मले, यांचे खापरपणजोबाही इथलेच," आजोबा म्हणाला. "बाहेरचं जग यांनी पाहिलेलं नाही. आजार नाही, व्यसन नाही. नर बिचारे साखरपाण्यावर जगतात. माद्यांना मात्र अंडी घालायची तर रक्त लागतं."

"मग ते कुठून आणता?"

आजोबाने तिच्या हाताकडे पाहिलं.

रक्त पाजायचं एक यंत्र होतं, पण ते दुरुस्तीला गेलं होतं आणि दुरुस्तीवाला लग्नाला. तोवर नव्या विद्यार्थ्याने हात द्यायचा, ही तिथली रीत. पिंजऱ्याच्या एका बाजूला कापडाची बाही शिवलेली होती. बारकीने मनाचा हिय्या करून कोपरापर्यंत हात आत घातला आणि डोळे मिटले.

काहीच झालं नाही.

तिने एक डोळा उघडला. पिंजऱ्यातले सगळे डास समोरच्या जाळीवर जाऊन बसले होते. खोलीत नको असलेला पाहुणा शिरला की घरची माणसं भिंतीला टेकून बसतात, तसे.

आजोबाने चष्मा पुसून पुन्हा लावला. "हात हलवून बघ जरा."

तिने हात हलवला. दोन डास उडाले आणि आणखी लांब जाऊन बसले.

"मॅडमना बोलावतो," तो म्हणाला.

मॅडम म्हणजे बारकीच्या गाइड. बुटक्या, करडे केस बारीक कापलेले, आणि शब्दांच्या बाबतीत अतोनात काटकसरी. त्यांचं वाक्य लांबलं की आजोबा घड्याळाकडे पाहायचा.

"साबण?" त्यांनी विचारलं.

"नाही, मॅडम. काल फोनवर सांगितलं होतंत, म्हणून नुसत्या पाण्याने अंघोळ केली."

"अत्तर? मलम?"

"काहीच नाही."

मॅडमनी तिचा हात बाहेर काढायला लावला आणि स्वतःची बाही सरकवून आपला हात घातला. बोटं आत जायचा अवकाश, जाळीवरचे डास झेपावले. मॅडमनी शांतपणे हात तसाच ठेवला आणि दुसऱ्या हाताने बारकीला खुर्ची दाखवली. तिचा चेहरा पाहून त्यांना ती चक्कर येऊन पडेल असं वाटलं असावं.

बारकीला चक्कर येत नव्हती, रडू येत होतं. लोक संशोधनात नापास होतात हे तिने ऐकलं होतं. पण पहिल्याच दिवशी, आणि तेही डासांनी नापास करावं? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असणार?

घरी तिने हे सांगितलं तेव्हा आई खूश झाली. लेकीचं रक्त लेकीच्या अंगात राहिलं, यापलीकडे तिला त्यात काही दिसलं नाही. बाबा पोट धरून हसले. आत्याने मात्र हातातली वाटी खाली ठेवली.

"म्हणजे घरात एका माणसाला डास चावत नाहीत, हे आता सिद्ध झालं."

"एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, ताई."

"मग तिच्या वाटणीचा पाव कोणाच्या खात्यात जातो?"

बाबांनी आमटीची वाटी जवळ ओढली.

"माझं गणित कच्चं आहे," आत्या म्हणाली. "म्हणून तुला विचारतेय."

पुढच्या आठवड्यात मॅडमनी बारकीला खोलीत बोलावलं. तिला वाटलं, आता दुसरा एखादा विभाग बघ म्हणतील. ती दाराशीच उभी राहिली.

"तुला का चावत नाहीत?"

"माहीत नाही, मॅडम."

"मग तेच शोध."

विषय ठरला. बाहेर आल्यावर आजोबा तिच्याकडे बघतच राहिला. "मला विषय ठरवायला दीड वर्ष लागलं," तो म्हणाला. "आणि त्यानंतरही तो दोनदा बदलला."

आता गोळा करायचे होते माणसांचे गंध. रीत अशी, की माणसाने आदल्या दिवसापासून साबण लावायचा नाही, अत्तर-पावडर नाही, लसूण खायचा नाही, आणि दुपारभर हातात नायलॉनची एक बाही घालून बसायचं. ती बाही मग झाकणाच्या काचेच्या बरणीत बंद करून प्रयोगशाळेत न्यायची. ऐकायला सोपं होतं. पण बारकी मुळात भिडस्त. लहानपणी दुकानात सुटे पैसे परत मागायलाही आईला पुढे करणारी. तिला आता घरोघर जाऊन लोकांकडे घाम मागायचा होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या वकिलांनी तिचं सगळं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "प्रयोग झाल्यावर घामाची मालकी कोणाकडे राहील?" तिने मॅडमना विचारून सांगते म्हटलं. मॅडमनी वर न पाहता "त्यांच्याकडे" म्हटलं, तेव्हा ते तयार झाले. समोर राहणाऱ्या, दातांच्या डॉक्टरीणबाई हौसेने बाही घालून बसल्या, पण बरणी उघडली तर आत सगळा दवाखाना. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "घाम काय, हवा तेवढा घेऊन जा, ताई." आणि दुसऱ्या दिवशी त्याने बाही धुऊन, इस्त्री करून, घडी घालून परत दिली. दिलेलं कापड चुरगळलेलं परत करणं त्याच्या धंद्यात बसत नव्हतं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांची सारखी होती. ज्याला विचारावं तो म्हणायचा, "मलाच फार चावतात हो." आणि हे सांगताना आवाजात तक्रारीपेक्षा अभिमानच जास्त असायचा.

"बघ," बाबा म्हणाले, "सगळ्यांना असंच वाटतं. म्हणजे माझा पाव बरोबर." आणि हा सगळा मूर्खपणा एकदाचा संपावा म्हणून त्यांनीही एक बाही घातली.

आत्याला विचारावं लागलंच नाही. ती आदल्या दिवसापासून तयारीत होती. दुपारी खिडकीशी खुर्ची घेऊन, हाताखाली उशी ठेवून ती अशी बसली की जणू हात तिचा नव्हेच, कोणी विश्वासाने ठेवायला दिला आहे. दारावरची घंटा वाजली तर दार डाव्या हाताने उघडायची. आईने चहा आणला तर म्हणाली, "तिकडे ठेव. वाफ नको यायला."

प्रयोगाच्या दिवशी टेबलावर वाय अक्षरासारखी काचेची नळी मांडली होती. दोन फाट्यांच्या टोकांना दोन बरण्या जोडायच्या, पंख्याने त्यांवरून हलकी हवा सोडायची, आणि खालच्या तोंडातून भुकेल्या माद्या सोडून द्यायच्या. फाट्याशी आल्यावर त्यांनी आपलं आपण ठरवायचं, कोणाकडे जायचं ते.

पहिल्यांदा बाबांची बरणी लावली, समोर नुसती रिकामी. माद्या फाट्यापर्यंत आल्या, घुटमळल्या, आणि रिकाम्या बरणीकडेच जास्त गेल्या.

"हे कोण सद्गृहस्थ?" आजोबाने विचारलं.

"माझे बाबा."

"रक्ताचं नातं दिसतंय," तो म्हणाला.

मग वकिलांसमोर आत्याची बरणी लावली. माद्या घुटमळल्या नाहीत. जथ्थाच्या जथ्था आत्याकडे वळला. आजोबाने आपली स्वतःची बाही काढून लावली. तीच गत. तेव्हा तो उठला आणि मॅडमना घेऊन आला.

डास मॅडमना चावतात ही त्या विभागात दंतकथा होती. त्या जंगलात गेल्या की सोबतची माणसं निवांत असत, असं लोक सांगायचे. मॅडमची बाही बरणीत घालून लावली, समोर आत्याची. माद्या सोडल्या. नळीवर तिघांची डोकी एकत्र झुकली. दोन-चार मॅडमकडे गेल्या. बाकी सगळ्या आत्याकडे.

मॅडम सरळ उभ्या राहिल्या. "बरण्यांची अदलाबदल कर."

अदलाबदल केली. माद्याही बाजू बदलून आत्याकडेच गेल्या.

"कोण आहे ही?"

"माझी आत्या, मॅडम."

"पुन्हा हवी. निदान तीनदा." आणि दारापर्यंत जाऊन त्या वळल्या. "उत्तम आत्या आहे."

बारकी घरी आली ती जमिनीला पाय न लावता. आत्याने इतकी वर्षं जे सांगितलं ते खरं निघालं होतं, आणि ते खरं काढलं होतं तिने. जेवायला बसल्या बसल्या तिने सुरुवात केली. "आत्या, तू जिंकलीस. तुझ्या अंगाच्या वासाला तोड नाही. सगळ्यांचे वास लावून पाहिले, मॅडमचासुद्धा, पण तुझा वास म्हणजे फारच जबरदस्त. काचेच्या नळीतून, लांबून, डास वास घेत तुझ्याकडे..."

आईने टेबलाखालून पाय मारला, पण तो बाबांना लागला. बाबांना वाटलं आपण बोलायची वेळ झाली.

"म्हणजे ताई," ते म्हणाले, "डासांची चूक नव्हतीच तर."

आत्याने ताट उचललं, धुऊन ठेवलं, आपल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरातला नवा साबण अर्धा झालेला होता. संध्याकाळी संपला. मग पावडर आली, अत्तर आलं, तेही दोन प्रकारचं, आणि दोन्ही एकदमच लावल्याने आत्या जवळून गेली की आईच्या डोळ्यांत पाणी यायचं. आत्या इमारतीखालच्या बाकावर बसायची ती शेजारणींपासून हातभर लांब. बोलता बोलता एकदम थांबून वाऱ्याची दिशा बघायची. बारकीशी तिचं बोलणं बंद होतं. बाबांशीही बंद होतं, पण ते त्यांना दोन दिवसांनी कळलं.

बारकीने समजावून सांगायचा प्रयत्न केला. बंद दाराशी उभी राहून ती म्हणाली, "आत्या, माणसाच्या नाकाला तो येतच नाही गं. त्वचेवर काही आम्लं असतात..."

"आता आम्लंही निघाली," आतून आवाज आला.

आईने तिला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं. "बास कर. अक्कल आहे का तुला?"

"अगं, पण मी तिच्या बाजूनेच बोलत होते."

"आयुष्यभर लोकांसमोर खिडकीत बसलेली बाई आहे ती. काल मला विचारत होती, खरं सांग, येतो का? कोणकोण लोक खिडकीपाशी येऊन तोंड फिरवायचे ते आठवत बसली आहे. सर्दी झालेलीसुद्धा सोडली नाहीत." आईने ओट्यावरचं फडकं उगाच पिळलं. "एवढं शिकलीस, आणि बोलायचं कसं ते राहिलंच."

बारकी रात्रभर तळमळली नाही, कारण ती तळमळणारी नव्हती. पण सकाळी चहा पिताना तिला एक गोष्ट आठवली. लहानपणी तिला ताप आला की उशाशी आत्या बसायची आणि डास आत्यावर जायचे. बारकी निवांत झोपायची. हे तिला आजवर कधी सुचलंच नव्हतं.

प्रयोगशाळेत तिने मॅडमना सांगितलं की आत्या पुन्हा बाही द्यायला तयार नाही.

"का?"

बारकीने सगळं सांगितलं. जेवणाचं, साबणाचं, आम्लांचं.

"शब्द काय वापरलास?"

"वास."

"किती वेळा?"

"मोजलं नाही, मॅडम."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "संशोधनात पहिली मोठी चूक सगळेच करतात, पण बहुतेक जण ती प्रयोगशाळेत करतात आणि मग बरण्या फुटतात, त्या पुन्हा आणता येतात." बाहेर आजोबाने घड्याळाकडे पाहिलं. "पत्ता दे," मॅडम म्हणाल्या.

संध्याकाळी मॅडम घरी आल्या. आईची धांदल उडाली. बाबांनी चांगला शर्ट घातला. मॅडमनी पाणी घेतलं, चहा नको म्हणाल्या, आणि आत्याच्या बंद दाराबाहेर एक खुर्ची ओढून बसल्या.  दिवेलागणीची वेळ होती, खिडक्या उघड्या होत्या. थोड्या वेळाने मॅडमनी आपल्या पायावर एक फटका मारला. मग मानेवर. मग दंडावर.

दाराच्या आतूनही एक फटका ऐकू आला.

पुन्हा बाहेर एक. आत दोन.

"तिकडेही आहेत का?" आतून आत्याने विचारलं.

"आहेत."

"पाय वर घेऊन बसा."

"पाय घेतले की कानाशी जातात," मॅडम म्हणाल्या.

दार उघडलं. आत्या उंबऱ्यात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. मॅडमच्या मानेवर दोन गांधी उठल्या होत्या. तिने आपला दंड पुढे करून दाखवला. मॅडमनी पायाचा घोटा दाखवला. मग दोघी आत गेल्या आणि दार उघडं राहिलं, त्यामुळे बाहेरच्यांना सगळं ऐकू येत होतं.

"नाटकाला जाता?"

"सोडलं. पडदा पडेपर्यंत मला सोलून काढलेलं असतं."

"फोटो काढताना?"

"विचारू नका. एकाही फोटोत माझे दोन्ही हात खाली नाहीत."

"आमच्या घरी पाच भावंडं," मॅडम म्हणाल्या. "चावायचे मला एकटीला. कोणाला खरं वाटायचं नाही. म्हणून तर या विषयात आले."

"आणि घरातले म्हणत असतील..."

"नाव विचारून चावतात का."

बाहेर बाबांनी पेपर थोडा वर धरला.

मग आतलं बोलणं हळू झालं. मॅडम इतकं सलग बोलत होत्या की आजोबा तिथे असता तर त्याने घड्याळ कानाला लावून पाहिलं असतं. त्यांनी आत्याला सांगितलं की माणसाच्या नाकाला यातलं काही कळत नाही, दोष नाही, आजार नाही, डोळ्यांचा रंग असतो तसं हे असतं. आणि नळीत आपण स्वतः हरलो तेव्हा आपल्याला वाईट वाटलं, हेही सांगितलं. ते ऐकून आत्या जरा सैलावली. स्पर्धेत नंबर आला आहे हे बारकीने सांगितलं होतं, पण हरलं कोण ते नीट सांगितलं नव्हतं.

"देईन बाही," आत्या म्हणाली. "पण वास म्हणायचं नाही."

"काय म्हणू?"

"सुगंध."

"विभागाची समिती हसेल."

"मग समितीला माझ्या घामावाचून हसू दे."

बरीच घासाघीस झाली. आत्या पोस्टात कोणाला सुटे पैसे सहज देत नसे, आणि मॅडमही शब्द सहज देत नसत. शेवटी गोष्ट 'गंध'वर मिटली. पण आत्याची आणखी एक अट होती. ती दारात येऊन उभी राहिली आणि भावाकडे बघत राहिली.

"काय?" बाबा म्हणाले.

"बोल."

"ताई, नमुना फार लहान आहे. शास्त्रीयदृष्ट्या..."

"मी थांबते."

बाबांनी पेपरची घडी घातली. "पण तुलाच चावतात," ते म्हणाले. "मला आधीच ऐकायला हवं होतं."

"पुढचा," आत्या म्हणाली आणि बारकीकडे वळली.

बारकीने रात्री मनात एक भाषण जुळवून ठेवलं होतं. ते ती एकदम विसरली. "आत्या, मी ताप आल्यावर..." एवढंच ती म्हणाली. आत्याने तिच्या डोक्यावर टपली मारली, तीही डास मारल्यासारखी, आणि चहाला चला म्हणाली. मॅडमनी आता चहा घेतला.

महिन्याभराने बारकीला विभागाच्या समितीसमोर उभं राहून आपला विषय मांडायचा होता. आदल्या दिवशी तिने घरातल्या सगळ्यांना समोर बसवून सराव केला. समितीत पाच प्राध्यापक होते, त्यातल्या एकाची मुलांना रडवण्याबद्दल ख्याती होती. त्या दिवशी बारकीने त्यांच्याकडे न बघताच बोलायला सुरुवात केली. मधेच त्या प्राध्यापकांनी हात वर केला.

"हे गंध-गंध काय लावलंय? साधा वास म्हणा की."

"नाही, सर."

"का?"

"ज्यांचा आहे त्यांना विचारून ठरवलंय, सर."

प्राध्यापकांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडम छताकडे बघत होत्या. पुढे प्रश्न बरेच आले. माणसं थोडी आहेत, वाढवा. एकाच घरातली नात्याची माणसं घ्या, म्हणजे हे रक्तातून येतं का ते कळेल. बारकी सगळं लिहून घेत राहिली. विषय मंजूर झाला. बाहेर आल्यावर आजोबाने तिला पेढ्याऐवजी साखरपाणी दिलं, नरांच्या बाटलीतलं नव्हे असं दोनदा सांगून.

आता नात्याची माणसं हवीत म्हटल्यावर बाबांचा प्रश्न आला. त्यांच्या बरणीचं काय झालं हे सांगणं बारकीने आजवर टाळलं होतं. एका दुपारी ती घरी आली तर बाबा जिना चढत होते. वर गेले, वळले, उतरले, पुन्हा चढायला लागले. हातात नायलॉनची बाही होती आणि चेहरा लाल झाला होता.

"काय करताय, बाबा?"

"तुझा आजोबा फोनवर काहीतरी बोलला," ते धापा टाकत म्हणाले. "रिकामी बरणी म्हणे. त्या दिवशी मी नुसता बसून होतो, घाम आलाच नव्हता. आता बघ पुन्हा लावून."

तिने लावून पाहिलं. माद्या या वेळीही फाट्याशी घुटमळल्या आणि रिकाम्या बरणीकडे गेल्या. बसने परत येताना बारकी वाटभर विचार करत होती. बाबा दार उघडून वाटच बघत उभे होते.

"बाबा, बसा जरा," ती म्हणाली. "तुमचं काम फार महत्त्वाचं आहे. कोणाकडे डास किती ओढले जातात हे मोजायचं, तर आधी एक असा माणूस लागतो, की ज्याच्याकडे ते ओढले जात नाहीत. त्याच्याशी ताडून बाकीच्यांचं मोजायचं. असा माणूस मिळणं अवघड असतं. त्याला आमच्यात कंट्रोल म्हणतात."

यातलं काही खोटं नव्हतं. बाबांनी ते मनातल्या मनात दोनदा म्हणून पाहिलं.

"म्हणजे माझ्यावाचून गणित सुटत नाही."

"अजिबात नाही."

"आणि ताई?"

"आत्या तुमच्या दुसऱ्या टोकाला. दोघंही लागता."

बाबांचा चेहरा उजळला. संध्याकाळी जिन्यात वकील भेटले, त्यांनी घामाचं पुढे काय झालं विचारलं, तेव्हा बाबांचा आवाज घरात सगळ्यांना ऐकू आला. "चाललंय हो, चांगलं चाललंय. मी आहे ना त्यात. कंट्रोल माझाच आहे."

"कशावर?" आईने आतून विचारलं.

आत्या खिडकीशी बसून पुढच्या फेरीची बाही हातावर चढवत होती. ती इतकी हसली की बाही कोपरावरून घसरली, आणि बारकीला ती बाद करून दुसरी काढावी लागली.